बडोद्यात खोली मिळाली नाही, त्याची गोष्ट

रात्री दहा वाजता रिसेप्शनवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "मॅडम, बुकिंग दिसत नाहीये." पैसे भरलेले, पावती मोबाइलवर. नाशिकहून निघून, सापुताऱ्याचा घाट उतरून, भरूचच्या ट्रकांच्या रांगेत सडून आम्ही आलो होतो. मी लॉबीत मनसोक्त भांडले. लेक सोफ्यावर झोपून गेली. शेवटी आत्याला फोन लावला. ती दांडिया बाजारात राहत असताना तिला न सांगता हॉटेल घेतलं, हा गुन्हा आधी कबूल करावा लागला. "ये मुकाट्यानं," एवढंच म्हणाली. साडेअकराला पानात गरम वरणभात. तरी मी गादीवर पडल्या पडल्या हॉटेलला एक स्टार देऊन रिव्ह्यू लिहायला घेतलाच.

सकाळी काकांनी ताबा घेतला. रावपुऱ्यात तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर गायकवाडांचे दिवाण, आणि त्यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या: रामायण, कृष्ण, मधेच मराठे-इंग्रजांची लढाई. मान मोडेस्तोवर पाहिलं. मग सेव-उसळ. उसळ आपली, वर शेव त्यांची. काकांचं बोलणंही तसंच: वाक्य मराठीत निघतं आणि रिक्षावाल्यापाशी पोचेपर्यंत गुजराती झालेलं असतं.

दुपारी कमाटीबाग. पाट्यांवर सयाजीबाग, सयाजीरावांनी ती 1879 मध्ये लोकांसाठी केली. लेकीला म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा सोडवेना. तिला काकांवर सोपवून मी बागेतल्या संकल्पभूमीपाशी, म्हणजे आंबेडकरांच्या आठवणीच्या जागेपाशी, जाऊन बसले.

गोष्ट ठाऊक होती, पण जागेवर बसून आठवणं वेगळं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले आंबेडकर 1917 मध्ये करारापोटी संस्थानच्या नोकरीत आले. राहायला कुठेच जागा मिळेना. एका पारशी सरायीत पारशी नाव लावून राहिले, दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात. ओळखीच्यांनीही दार उघडलं नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची, म्हणून मधले पाच तास त्यांनी याच बागेत काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

मी घड्याळ लावून बसले होते, काय मूर्खपणा. बाविसाव्या मिनिटाला पाय अवघडले, चहाची आठवण झाली. समोर एक आजी नातवाच्या मागे वाटी घेऊन धावत होत्या, टॉय ट्रेनची शिट्टी वाजत होती. बागेत वेळ काढायचा आणि बागेवाचून दुसरीकडे जायलाच जागा नाही, यातला फरक मला गादीवर झोपून आल्यामुळे नीटसा कळला असं म्हणायची हिंमत नाही.

पर्समध्ये फोन वाजला. आत्या. "किती वाजता येताय? पुऱ्या तळायला घेऊ का?"

उरलेले दोन दिवस राजवाडा, सूरसागर, खरेदी आणि ऊन. आत्यानं तिसऱ्या दिवशीही निघू दिलं नाही, तेव्हा जरा वैतागलेच मी.

रिव्ह्यू अजून ड्राफ्टमध्ये अर्धाच पडलाय. खोलीचे पैसे मात्र सोडणार नाहीये.