चिंचपोकळी उणे तीन

आज ह्यूस्टनमधल्या एका चार्टर स्कूलमध्ये सायन्स फेअरला जज म्हणून गेले होते, ऑफिसमधून कुणीतरी माझं नाव दिलं आणि मी नाही म्हणायला विसरले 😄 शाळेचा सगळा भर सायन्स-मॅथ्सवर, पोरं बहुतेक हिस्पॅनिक आणि ब्लॅक. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "प्रायव्हेट का गं? डोनेशन किती?" अगं नाही, सरकारी पैशावरच चालते, फी नाही, फक्त कारभार वेगळा, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत, म्हाडासारखी! टेक्सासात चार्टर स्कूलचा कायदा १९९५ चा, मिनेसोटात सगळ्यात आधी, १९९१ ला. (नेहमीच्या सरकारी शाळांचा पैसा पळवतात अशी ओरड आहेच, आणि ती अगदीच खोटी नाही.)

एका सातवीतल्या पोरीने टॉर्टियाला (मेक्सिकन पोळीच ती) बुरशी कुठे लवकर येते ते बघितलं होतं. तक्त्यात चौथ्या दिवशीची एक चौकट रिकामी, खाली पेन्सिलीने लिहिलेलं, 'आजीने फेकून दिला'. मी तिथेच फुल मार्क्स दिले.

मग मॅथ्सच्या टीचर बॉब मोझेसबद्दल बोलत बसल्या. १९६०च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणारा माणूस, त्याने १९८२ मध्ये अल्जेब्रा प्रोजेक्ट काढला, मताच्या हक्काइतकंच गणित महत्त्वाचं म्हणून. पोरांना बोस्टनच्या मेट्रोत फिरवून स्टेशनांवरून अधिक-उणे शिकवायचा. मला आमच्या वेळी असं कुणी का नाही शिकवलं! गाडीत बसल्यावर आपोआप सुरू झालं, दादर शून्य, परळ उणे एक, करी रोड उणे दोन...