आमची वाटचाल : पंपाच्या मोटारीपासून बास गिटारच्या पिकअपपर्यंत

इंदूरमध्ये वाइंडिंगची दुकाने पुष्कळ आहेत. पण बास गिटारचे जुने पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपून त्यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे चुंबक आणि कॉइल, उघडून, कॉइलचे वेढे मोजून, ते मूळ होते तसे पुन्हा भरून देण्याचे काम रामबागेतील आमच्या छोट्या कारखान्यात होते, याचा आम्हाला अभिमान आहे. वडिलांनी हा धंदा माळव्यातील शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी भरून देण्यापासून सुरू केला. पुढे पीथमपूरच्या कारखान्यांकडून रिले आणि कॉन्टॅक्टर या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या कॉइलचे काम आले आणि त्यातून बारीक तारेवर आमचा हात बसला. त्यानंतरची बरीच वर्षे काम नेमाने चालले, त्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

पिकअपकडे आम्हाला वळवले ते ऑर्केस्ट्रात बास वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना दादा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. मुंबईच्या एका हॉटेलातील वादकाकडून घेतलेला साठच्या दशकातला, फेंडर या अमेरिकन कंपनीचा प्रिसिजन बास त्यांच्याकडे होता. एका पावसाळ्यात त्याचा आवाज एकाएकी बारीक आणि कोरडा झाला. “मोटारी भरतोस ना? मग हीही मोटारच समज आणि भर,” एवढे बोलून त्यांनी पिकअप माझ्या टेबलावर ठेवला.

या पिकअपमध्ये व्हल्कनाइज्ड फायबरच्या (कडक पुठ्ठ्यासारख्या पदार्थाच्या) दोन पातळ पट्ट्यांमध्ये अल्निको ५ या मिश्रधातूचे गोल चुंबक दाबून बसवलेले असतात आणि तार थेट त्या चुंबकांभोवतीच गुंडाळलेली असते. चुंबक आणि तार यांच्यामध्ये लॅकरच्या पातळ थराखेरीज काहीही नसते. अल्निकोमध्ये लोखंड असल्याने लॅकर सुटले की चुंबकाला गंज चढतो, तो सर्वांत आतल्या वेढ्याचे इनॅमल, म्हणजे तारेवरचा वीज अडवणारा लेप, खातो आणि तार तुटते. दादांच्या पिकअपमध्ये नेमके हेच झाले होते. बाहेरून कॉइल नवीकोरी दिसत होती आणि आत चुंबकाला लागून हिरवट डाग पडला होता. मी ती कॉइल वेढे मोजणारा काउंटर लावून उलटी सोडवली. अशा एका कॉइलवर साधारण 10,000 वेढे असतात, म्हणजे जवळपास एक किलोमीटर तार. तेव्हापासून चुंबकांना लॅकरचे दोन हात देऊन, ते पूर्ण वाळल्याशिवाय आम्ही तार चढवत नाही.

1951 साली आलेल्या पहिल्या प्रिसिजन बासला साधा एका कॉइलचा पिकअप होता आणि वाजवायच्या प्रत्येक तारेखाली एकच चुंबक होता. 1957 साली त्याचे दोन भाग झाले. बासच्या चार तारांपैकी ई आणि ए या तारांखाली एक कॉइल, डी आणि जी खाली दुसरी. एकीचे चुंबक उत्तर ध्रुव वर करून बसवलेले, दुसरीचे दक्षिण ध्रुव वर करून, आणि दोन्ही कॉइल विजेच्या दृष्टीने एकमेकींविरुद्ध दिशेने जोडलेल्या. त्यामुळे तारांचा आवाज टिकतो आणि बाहेरून शिरणारी घरघर परस्परांत नाहीशी होते. गणेशोत्सवाच्या मंडपात हॅलोजन, डिमर आणि जनरेटर यांच्यामध्ये उभे राहून ज्याने बास वाजवला आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही, कारण आपल्या विजेची 50 हर्ट्झची घरघर मोकळ्या ई तारेचे 41 आणि मोकळ्या ए तारेचे 55 हर्ट्झ यांच्या मध्ये येऊन बसते. शिवाय प्रत्येक तारेखाली दोन चुंबक आले आणि तार त्यांच्या मधून हलू लागली, म्हणून आघाताची धार कमी होऊन स्वर भरीव झाला. 1960 सालच्या जॅझ बासमध्ये दोन स्वतंत्र पिकअप आहेत. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले तरच घरघर थांबते, एक जरा कमी केला की ती परत येते. हा दोष समजून आमच्याकडे पिकअप घेऊन येणारे अनेक आहेत, पण त्या रचनेचा तो स्वभावच आहे.

तार गुंडाळताना तिचा ताण बोटांना कळावा लागतो. ताण जास्त झाला तर तार ओढली जाऊन बारीक होते, कमी झाला तर कॉइल फुगते आणि वेढे आत हलत राहतात. अमेरिकेतील फुलर्टनच्या फेंडरच्या जुन्या कारखान्यात अबिगेल यबारा यांच्यासारख्या कुशल स्त्रिया तार हातात धरून तिला दिशा देत असत. त्यामुळे वेढे एकावर एक काटेकोर न बसता किंचित विखुरलेले बसत, कॉइलची अंतर्गत कपॅसिटन्स (वेढ्यांमध्ये वीज साठून राहण्याची क्षमता) कमी राही आणि वरचे सूर मोकळे राहत. आमच्या यंत्रावर मोटार आणि काउंटर आहे, परंतु तार आजही नमद्याच्या दोन तुकड्यांमधून हातानेच सोडली जाते. त्यानंतर कॉइल पॅराफिन आणि मधमाशांच्या मेणाच्या वितळवलेल्या मिश्रणात बुडवून, आतली हवा निघेपर्यंत ठेवतो.

पिकअपचे काम सुरू झाल्यावर वाद्यांच्या एका मोठ्या विक्रेत्याने आम्हाला नियमित काम दिले. काही काळ व्यवहार चांगला झाला. मग त्यांनी आग्रह धरला की, प्रत्येक पिकअपचा रोध 12 किलोओहमच्या वर असला पाहिजे, कारण गिऱ्हाईक मीटर लावून आकडा बघते. मी त्यांना लेखी कळवले की मूळ प्रिसिजन पिकअप साधारण साडेदहा ते अकराच्या आसपास येतो. तार बारीक घेतली तर वेढे कमी असूनही ओहम वाढतात, आणि वेढेच वाढवले तर आवाज मोठा होतो पण वरचे सूर जातात. आपल्याकडे बाजारात मिळणारी 46 एसडब्ल्यूजी (ब्रिटिश मापाची) तार मूळच्या 42 एडब्ल्यूजीपेक्षा (अमेरिकन मापाच्या तारेपेक्षा) किंचित बारीक असते. तेवढ्यानेच त्याच वेढ्यांना सुमारे 8 टक्के ओहम जास्त येतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, म्हणून जानेवारीच्या सकाळी साडेदहा दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी साडेअकरा दाखवतो, आणि त्याचा आवाज मात्र तोच असतो.

या पत्राला उत्तर आले नाही. त्याऐवजी आमचा नमुना दुसरीकडे पाठवण्यात आला. तेथून फार बारीक तारेचे, खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि वर पोलादी खुंट्या असलेले पिकअप भरून आले, त्यांची कव्हरे पिवळी केली गेली आणि ते जुन्या घडणीचे म्हणून, आमच्या कारागिरीचा हवाला देऊन विकले गेले. ते बिघडले की लोक आमच्याकडे येऊन आम्हालाच बोल लावत. आमची मागची बिले थांबवली गेली, तारेच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली, आणि कारखान्याची मागची खोली, जिथे वडील मोटारी भरत असत, ती विकावी लागली. ती रक्कम आजही वसूल झालेली नाही, आणि हे लिहिताना मला राग येतो.

त्या दिवसांत दादा शहरातल्या आणि उज्जैन-देवासच्या वादकांची बंद पडलेली वाद्ये गोळा करून आणत, मजुरी आगाऊ देत आणि मंडपात आमच्या पिकअपवर वाजवून लोकांना ऐकवत. कारखाना त्या कामावर तगला. आज आम्ही प्रत्येक पिकअपखाली वेढ्यांची संख्या, तारेची जाडी, इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला कॉइल किती विरोध करते त्याचे माप) आणि मोजतानाचे तापमान लिहून देतो. इंडक्टन्स तो मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर मोजल्याशिवाय कॉइलची खरी ओळख पटत नाही.

तरुण वादकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पिकअप बदलण्याआधी त्याची उंची बघावी. शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून पिकअप आणि तार यांच्यात निदान अडीच-तीन मिलिमीटर अंतर असावे, नाहीतर चुंबक तारेला खेचतो आणि जाड तारेचा स्वर डळमळतो. तसेच वाद्य आणि अँप्लिफायर यांच्यातील केबल फार लांब घेऊ नये, कारण केबलची कपॅसिटन्स आणि कॉइलचा इंडक्टन्स मिळूनच आवाजातील वरचा उठाव कुठे येणार ते ठरते. पिकअप दुरुस्तीला पाठवताना मेण खरवडू नये आणि तुटलेली तार फेकू नये. ती कागदात गुंडाळून सोबत द्यावी, म्हणजे जाडीवरून आणि इनॅमलच्या रंगावरून, ती गडद तपकिरी साध्या इनॅमलची आहे की सोनेरी फॉर्मव्हार या दुसऱ्या जातीच्या लेपाची, हे ओळखून आम्हाला तशीच तार मागवता येते.