शीटवरची अमरवेल

परजीवी वनस्पतींच्या शीटवर, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदावर, काम करणाऱ्याला एक दुखणं कायमचं असतं. गोळा करणारे वेल तेवढी ओढून आणतात. ती जिच्यावर चढली होती ती फांदी तिथेच राहते. लेबलवर यजमानापुढे, म्हणजे जिच्यावर वेल जगते त्या झाडापुढे, नुसतं ‘झुडूप’. मला याचा मनापासून राग येतो. शोषकमुळं यजमानाच्या सालीत जिथे घुसतात, तोच या वनस्पतींचा सगळा संसार, आणि शीटवर नेमका तोच नसतो.

परवा लॅबमधल्या संशोधकाचा फोन आला. “मॅडम, कस्क्यूटाचा तो जुना नमुना वाया गेला. यजमानाचा डीएनए मिसळलाय. अजून थोडा तुकडा द्याल का?”

कस्क्यूटा म्हणजे अमरवेल. जुन्या शीटवरून कापलेलं परत येत नाही, आणि या शीटवर फुलं मोजकीच उरली होती. बाकी वाळक्या दोऱ्यांचा गुंता. कात्री लावण्याआधी एक फूल तरी नीट बघून घ्यावं म्हणून बसले.

फूल जेमतेम दोन मिलिमीटरचं. कोमट पाण्यात थेंबभर साबण घालून भिजत ठेवलं. इथे घाई केली की हातात चुरा येतो. मऊ झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं उलगडलं. कस्क्यूटाच्या फुलात साधारणपणे पाच पाकळ्या आणि पुंकेसरांखाली झालरीसारखे खवले. इथे खवले नव्हतेच. परिदलं, म्हणजे पाकळ्यांसारखी दलं, सहा निघाली, बाहेरची तीन बारीक, आतली तीन मोठी. सुई थोडी आत सरकवली तर परागकोशाला उभी चीर नव्हती. झडपा होत्या, खालून वर उचललेल्या, इवल्या दारांसारख्या.

लगेच फोन लावला. “यजमानाचा डीएनए म्हणतोस, तो कुठल्या कुळाचा आला?”

“लॉरेसी. दालचिनीचं कूळ.”

“अरे, तो यजमानाचा नाही, वेलीचाच आहे. ही कॅसिथा आहे!”

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

दोन्हींना लोक अमरवेलच म्हणतात. लिनिअसनं १७५३ मध्येच त्यांना वेगळी नावं दिली. कस्क्यूटा रताळ्याच्या कुळातली, कॅसिथा दालचिनीच्या. या दोन कुळांच्या वाटा फुटल्याला दहा कोटी वर्षांहून जास्त काळ झाला. तरी दोघींनी पानं टाकली, खोडाचा दोरा केला, शोषकमुळं यजमानात रोवली. सपुष्प वनस्पतींत परजीविता किमान बारा वेळा स्वतंत्रपणे उगम पावली, हे मी कितीदा शिकवलंय. एकाच टेबलावर, एका चुकीच्या नावाखाली ते असं समोर आलं नव्हतं. जगण्याची रीत बदलली की देह बदलतो, पान जातं, खोड जातं. फूल मात्र आपलं कूळ धरून राहतं. म्हणून आमच्या कामात फुलाशिवाय नाव देऊ नये.

त्या मुलाला मी फार दोष देणार नाही. परजीवीच्या नमुन्यात यजमानाचा डीएनए येतो, ही शंका रास्तच. शिवाय कधी यजमानाचं जनुक परजीवीच्या स्वतःच्या जनुकसंचातच शिरलेलं असतं. रॅफ्लेशिया या परजीवी वनस्पतीच्या कुळात २००४ मध्ये तेच दिसलं: मायटोकाँड्रियातलं एक जनुक तिला द्राक्षकुळात नेऊन बसवत होतं, कारण ते तिच्या यजमान वेलीकडून आलेलं होतं. तिची खरी भावकी एरंडाच्या कुळाशी, हे २००७ मध्ये दिसलं. अशा वनस्पतींत विचित्र निकालाला तीन कारणं असू शकतात: मिसळ, जनुकाचं स्थलांतर, किंवा शीटवरचं नावच चुकीचं. तिसरं सर्वांत साधं, आणि तेच कुणी विचारत नाही. यंत्राच्या निकालावर शंका घेतात, चिठ्ठीवर घेत नाहीत.

त्या शीटवर वनस्पतीची ओळख लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या आहेत. तिन्हींवर कस्क्यूटा. तिसरी माझ्या अक्षरात. तेव्हा मी फूल उघडलं नव्हतं. आधीच्या दोन चिठ्ठ्या वाचल्या होत्या. जुनी चिठ्ठी काढायची नसते, म्हणून चौथी तिच्या वरच्या बाजूला चिकटवली.

मिसळ झाली म्हणून लॅबनं बाजूला ठेवलेल्या नमुन्यांची यादी आता मागवून घेतली आहे. अकरा नावं आहेत. त्यातल्या चार शीटवर फूलच नाही.