माझा अनुभव: नॅनोट्यूबचं रामन आणि ३०३ वरच्या पीकने खाल्लेले तीन आठवडे

रामन म्हणजे सॅम्पलवर लेसर टाकून, विखुरलेल्या प्रकाशातल्या पीकवरून (शिखरांवरून) त्यातली कंपनं ओळखणारं यंत्र. त्याच्या बुकिंग फॉर्मवर सगळं होतं. सॅम्पलचं नाव, घन की द्रव, विषारी आहे का, गाइडची सही. सॅम्पल कशावर ठेवलंय, हा एवढा रकाना मात्र नव्हता. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नापायी तीन स्लॉट वाया गेले. एक स्लॉट दोन तासांचा आणि पुढचा मिळायला आठवडा, म्हणजे हिशोब करा.

सॅम्पलचं काम तसं सरळ. हायपको पद्धतीच्या (उच्च दाबाच्या कार्बन मोनॉक्साइडपासून बनवलेल्या) सिंगल वॉल, म्हणजे एकाच भिंतीच्या कार्बन नळ्या, व्यास साधारण ०.८ ते १.२ नॅनोमीटर. एक टक्का सोडियम कोलेटच्या (नळ्या सुट्या ठेवणारं साबणासारखं द्रव्य) पाण्यात टाकून बाथ सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणारं भांडं) तासभर, मधूनमधून बर्फ घालत. प्रोब सॉनिकेटर लवकर काम करतो खरा, पण नळ्या तोडतो आणि नंतर डी बँड (नळीतल्या दोषांचं पीक) उगाच वाढलेला दिसतो. दहा मायक्रोलिटरचा थेंब सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर टाकला, वाळू दिला, डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने हलकेच धुतला. वेफर घेण्याचं कारण सगळ्यांचं असतं तेच: त्याचं ५२०.५ वेव्हनंबरवरचं (रामन पीकची जागा सांगायचं एकक, दर सेंटीमीटर) पीक कॅलिब्रेशनला फुकटात मिळतं. ५३२ नॅनोमीटरचा लेसर लावला, जी बँड (कार्बनच्या जाळ्याचं मुख्य पीक) १५९० ला पहिल्या मिनिटात आला, १३४५ च्या आसपास छोटा डी. इथवर कुणाचंच काही अडत नाही.

अडलं ते आरबीएमवर (रेडियल ब्रीदिंग मोड). नळी श्वास घेतल्यासारखी फुगते आणि आकसते, त्या कंपाचं हे पीक १०० ते ३५० वेव्हनंबरमध्ये येतं आणि त्यावरून व्यास काढतात: २४८ भागिले वेव्हनंबर, उत्तर नॅनोमीटरमध्ये. (हे सूत्र सिलिकॉन ऑक्साइडवरच्या सुट्या नळ्यांसाठी आहे, गठ्ठ्यांसाठी २३४ भागिले व्यास अधिक १० असंही वापरतात. कोणतं वापरलं ते लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच धरतो.) माझ्याकडे प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये ३०३ ला पीक. भागाकार केला तर ०.८२ नॅनोमीटर. हायपकोमध्ये चपखल बसणारा आकडा! पत्ता चुकलाय अशी शंकाही आली नाही.

पुढच्या स्लॉटला ६३३ चा लेसर लावला. पीक पुन्हा ३०३ लाच. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. नळीचं आरबीएम दिसतं ते लेसरची ऊर्जा तिच्या इलेक्ट्रॉनिक संक्रमणाशी जुळते तेव्हाच. ५३२ म्हणजे २.३३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ६३३ म्हणजे १.९६, आणि जुळणीची खिडकी जेमतेम ०.१ ची. लेसर बदलला की दिसणाऱ्या नळ्या बदलायलाच हव्यात. एकच पीक दोन्हीकडे तितक्याच दिमाखात उभं असेल, तर ते नळीचं नाही असं धरून चालावं.

ते सिलिकॉनचं होतं. ५२०.५ हे सिलिकॉनचं मुख्य पीक सगळ्यांना पाठ असतं, पण दोन ध्वनिक फोनॉन (स्फटिकातली कंपनं) एकदम उठल्यामुळे ३०३ लाही त्याचं एक पीक येतं, आणि २३० च्या आसपास बारीक फुगवटा. एरवी त्याकडे कुणी बघत नाही, कारण ते मुख्य पीकपेक्षा कितीतरी दुबळं. पण आरबीएम शोधताना आपण तोच भाग ताणून मोठा करतो आणि ते डोंगराएवढं दिसतं. त्यात भर म्हणजे (८,३) ही नळी (हे आकडे नळी कशी गुंडाळली आहे ते सांगतात) ६३३ खाली २९८ च्या आसपास खरोखर दिसते. ६०० रेघांच्या ग्रेटिंगवर (प्रकाश फोडणारी रेघांची पट्टी) दोन्ही एकात एक मिसळतात. १८०० चं लावलं तेव्हा कुठे खांदा वेगळा झाला.

ओळखायची सोपी खूण: ३०३ आणि ५२०.५ ची उंची सोबत कमी-जास्त होते का ते बघा. नळ्यांचा जाड काळा थर असलेल्या जागी ही दोन्ही खाली बसतात, आरबीएम बसत नाही. आणि सगळ्यात आधी कोऱ्या वेफरचा स्पेक्ट्रम त्याच पॉवरवर, तेवढ्याच वेळेचा घ्या. हे दहा मिनिटांचं काम मी तिसऱ्या स्लॉटच्या शेवटी केलं.

मग सब्स्ट्रेट, म्हणजे सॅम्पलखालचा आधार, बदलायचा. काचेला ५०० च्या खाली रुंद उंचवटा असतो, आरबीएम त्यात बुडतं. कॅल्शियम फ्लोराइड स्वच्छ समजतात, पण त्याचं पीक ३२२ ला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शेवटी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल कामी आला: चकचकीत बाजू वर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, स्लाइडवर ताणून चिकटवलेला. या भागात त्याचं स्वतःचं काहीच नाही. कॅलिब्रेशनला वेफरचा तुकडा शेजारी ठेवा, खाली नको.

लेसरची पॉवर सांगायची राहिली. १०० एक्सच्या लेन्सखाली ठिपका पाऊण मायक्रॉनपेक्षाही लहान असतो, त्यामुळे १ मिलीवॅटसुद्धा दर चौरस सेंटीमीटरला दोन लाख वॅटच्या वर जातो. काळी भुकटी तापते आणि जी बँड खाली सरकतो. दहा वेव्हनंबर सरकला तर तापमान तीनेकशे अंशांनी वाढलंय असं समजा. मी ०.३ मिलीवॅटवर राहून वेळ वाढवला. खात्री करायची तर पॉवर निम्मी करून जी बँड जागेवर आहे का बघायचं.

बुकिंगच्या वेळीच विचारा की लेसरचा प्रकाश अडवणारा फिल्टर कुठून कापतो. १५० पासून पुढचंच दिसत असेल तर २ नॅनोमीटरची नळी, म्हणजे १२४, तुम्हाला कधीच दिसणार नाही. आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद करायला लावा. ५३२ च्या लेसरवर तिच्यातल्या पाऱ्याच्या रेषा ४८४, १४६५ आणि १५२५ च्या आसपास पडतात, शेवटच्या दोन थेट जी बँडच्या शेजारी. ऑपरेटर कुरकुरेल, पण दिवा बंद करेल.