मीटरवर सात, थेंब पिवळा

साखर कारखान्यात रात्रपाळीला दोनच्या सुमारास बगॅस (उसाचं चिपाड) वाहणाऱ्या कॅरियरची साखळी तुटली आणि मिल थांबली. गाळप हंगामात असे थांबे येतातच. पण मिल थांबली म्हणून सगळं थांबत नाही. क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे रस निवळायच्या टाकीत, ९५ अंशांचा रस उभाच असतो आणि त्यातली साखर फुटत राहते, तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होत राहतात. निवू द्यावा तर ७० अंशांखाली जंतू माजतात. म्हणून रस गरमच ठेवायचा आणि पीएच सातच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

सल्फिटरच्या (रसात गंधकाचा धूर सोडायची टाकी) पीएच मीटरवर ७.० होतं. बारापासून मी वहीत तेच लिहीत आलो होतो. चारला सल्फिटरवरचे तात्या लॅबच्या दारात आले. "साहेब, क्लिअर ज्यूसला जरा बीटीबी टाकून बघा. वास बरोबर नाही."

"तात्या, मीटर सात दाखवतंय."

"दाखवू द्या. तुम्ही थेंब टाका."

पांढऱ्या ताटलीत रसावर बीटीबीचा, म्हणजे पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या ब्रोमोथायमॉल ब्लूचा, थेंब टाकला. हिरवा यायला हवा होता, लिंबासारखा पिवळा आला. म्हणजे सहाच्या आसपास. इलेक्ट्रोड काढला तर त्यावर चुन्याचा पांढरा थर. पीएच चारच्या बफरमध्ये (मीटर तपासायच्या ठरावीक पीएचच्या द्रावणात) बुडवला, तरी ६.८!

रस परत फिरवत चुन्याचं दूध सोडलं. आम्लाला चुना भेटला की काम क्षणात होतं, वेळ लागतो तो ढवळायला. अर्ध्या तासात थेंब हिरवा झाला. पण फुटलेली साखर चुन्याने परत जुळत नाही.

मग पोलारीमीटर लावला. साखर फुटण्याचं हेच इन्व्हर्जन पोलारीमीटरने मोजून जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मीने १८५० साली रासायनिक क्रियेच्या वेगाचा पहिला नियम मांडला. साखर प्रकाश उजवीकडे वळवते, तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज झाले की तो डावीकडे जातो. मिक्स्ड ज्यूसची, म्हणजे निवळण्याआधीच्या रसाची, प्युरिटी (विरघळलेल्या घन पदार्थांत साखरेचा टक्का) ८३.२, निवळलेल्या क्लिअरची ८२.१. खरं तर क्लिअरची थोडी वरच असायला हवी. खात्रीसाठी फेलिंगचं टायट्रेशन केलं. दोन मिनिटं उकळी, मग मिथिलीन ब्लू, आणि तिसरं मिनिट संपायच्या आत निळा रंग घालवायचा. उकळी मोडली की हवा आत शिरून निळा परत येतो. तिन्ही वेळा रिड्यूसिंग शुगर, म्हणजे तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज, चढीच निघाली.

पीएच एकाने उतरला की फुटण्याचा वेग दसपट होतो. रस दहा अंशांनी जास्त तापला तर साधारण अडीच पट. शिवाय आम्ही नमुना गार करून मोजतो. पाणी तापलं की त्याचाच समतोल आयनांकडे सरकतो. १०० अंशांना शुद्ध पाण्याचा पीएचसुद्धा ६.१ च्या आसपास असतो. म्हणजे लॅबमधला सात क्लॅरिफायरमध्ये सात नसतोच. हे मला शिकवून ठेवलेलं होतं.

महिन्याच्या अहवालात ही साखर 'अज्ञात घट' या रकान्यात जाईल आणि बैठकीत कुणीतरी म्हणेल, ऊस शिळा होता. ते मला सहन होत नाही. ऊस ताजा होता. शेतकऱ्याने साखर आणून दिली होती, ती आमच्या टाकीत गेली. महागडं मीटर बसवलं, पण बफरने रोज तपासायची शिस्त कुणी लावली नाही, मीही नाही.

किती साखर गेली याचं गणित अजून सुटत नाही. मीटर बाराला अडकलं धरलं तर एक आकडा येतो, दीडला धरलं तर दुसरा. वहीत दोन्ही वेळांना ७.० आहे, माझ्याच अक्षरात.