हो, मीच मारलं त्याला!

कपड्यांच्या घड्या घालताना समोर काहीतरी चालू असावं लागतं. बातम्यांनी डोकं उठतं, आणि सिनेमात जीव गुंतला की टॉवेल हातातच राहतो. अशा कामाला ‘सीआयडी’ मालिकेचा जुना भाग उत्तम. परवा दुपारी मोबाईल तांब्याला टेकवून तेच लावलं होतं. बंगला होता, श्रीमंत मालक गालिच्यावर पालथा पडला होता आणि घरातली मंडळी ठेवणीतले कपडे घालून रांगेत उभी होती. एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत होते. सगळं जागच्या जागी.

मग शेवटाकडे खुन्याने गुन्हा कबूल केला आणि मी उशीचा अभ्रा धरून तशीच बसले. इतकी वर्षं हे पाहतेय, पण हा माणूस किती समजूतदार असतो याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. इन्स्पेक्टर दयाची एक कानाखाली बसते, तो गाल धरतो आणि म्हणतो, हो, मीच मारलं त्याला! इथवर ठीक. पण तो तिथे थांबत नाही. पार लहानपणच्या अपमानापासून सुरुवात करतो. मग वाटणी, मग विष कुठून आणलं, कुठल्या पेल्यात घातलं, हातमोजे कुठे टाकले. सगळं क्रमाने, मध्ये घोटभर पाणीही न मागता. बागेत सापडलेल्या त्या एका चपलेचं काय, ही आपल्या मनात अडकलेली शंकासुद्धा तोच जाता जाता फेडतो. ‘पुरावा काय आहे तुमच्याकडे?’ हे थप्पड बसायच्या आधी विचारतात, नंतर नाही. वकील तर कुणालाच आठवत नाही. आमच्या इमारतीत गच्चीवरचा नळ कुणी उघडा ठेवला, हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

आमच्या आजीला मात्र या कबुलीत काडीचा रस नव्हता, कारण तिचा तपास पहिल्या ब्रेकच्या आत संपलेला असे. हिंदी तिला कामापुरतं कळे, पण नटमंडळी पक्की ठाऊक. संशयितांची रांग उभी राहिली की चष्मा सारखा करून ती एकेकाला निरखायची आणि सुपारी कातरता कातरता निकाल द्यायची, “हा बघ. एवढा मोठा नट काय नुसता चहा द्यायला बोलावलाय?” बहुतेकदा बरोबर निघायचं. चुकलंच तर दोष दिग्दर्शकाचा. “वाया घालवला हो चांगला माणूस,” म्हणून हळहळायची. शुक्रवारी रात्री दहाला मालिका लागे. झोपायची वेळ टळून गेलेली असायची. स्वयंपाकघरातून आई विचारायची, “झालं का संपून?” आणि आजी ओरडायची, “थांब गं, फाशी राहिलीय!”

फाशीही तिथेच, गालिच्याच्या कडेला उभं राहून सुनावली जायची. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, दयेचा अर्ज, सगळं एसीपींच्या एका वाक्यात आटपायचं. तेवढं ऐकलं की आजी अडकित्ता मिटून उठायची.

दिग्दर्शक वाया घालवतो म्हणणाऱ्या आजीने त्या दिग्दर्शकाची एक हौस मात्र कौतुकाने पाहिली होती. बी. पी. सिंग पूर्वी दूरदर्शनच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवत. त्यांच्या मराठी ‘एक शून्य शून्य’मधून एसीपी प्रद्युम्नचं काम करणारे शिवाजी साटम आमच्या घरी आधीच पोलीस म्हणून येऊन गेले होते. त्यामुळे 21 जानेवारी 1998 ला ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा घरच्यांना ती बढतीच वाटली. पुढे 2004 साली सिंगांनी एक भाग असा केला की त्यात कटच नाही. 111 मिनिटं, एकच शॉट. त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रहस्य काय होतं ते मला आज धड सांगता येणार नाही. भाग चालू असताना मी वेगळीच काळजी करत होते. शंभराव्या मिनिटाला कुणाला शिंक आली तर? चुकून कुणी फ्रेडरिक्स झालेल्या दिनेश फडणीसांना ‘अहो फडणीस’ म्हणून हाक मारली तर? खुनी कोण यापेक्षा हे लोक शेवटपर्यंत पोचतात की नाही, याचीच धाकधूक जास्त. दरवाजे फोडणारा दया मूळचा थाळीफेक खेळाडू आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं. खेळाडूचा खांदा नसता, तर 1547 भागांत एखाद्या दरवाज्याने नक्की सूड उगवला असता. (2018 ला मालिका थांबली तेव्हा आकडा इथवर गेला होता.) दिनेश फडणीस 2023 च्या डिसेंबरात गेले. त्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर त्यांचे विनोदी प्रसंगच फिरत होते.

माझी एक जुनी कुरकूर आहे, ती इथेच नोंदवून टाकते. मुंबईत खून झाला तर स्थानिक पोलीस येतात, फार तर गुन्हे शाखा येते. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय आहे पुण्यात. म्हणजे पंचनाम्याला वेळेवर पोचायचं तर या मंडळींनी घाटात अडकून कसं चाललं असतं? पण ही शंका आजीपुढे काढायची सोय नव्हती. “तुला बघायचं नसेल तर जाऊन झोप,” एवढंच उत्तर मिळे.

मे महिन्यात मामाकडे जमलो की आम्ही हाच खेळ खेळायचो. चिठ्ठ्या टाकायच्या, एसीपी, दया, डॉक्टर, प्रेत, खुनी, आणि उरलेले सगळे संशयित. मला प्रेताची चिठ्ठी मनापासून आवडे. गार फरशीवर डोळे मिटून पडायचं, बाकी जबाबदारी काही नाही. मामी केर काढत आली की फक्त पाय उचलायचे. माझ्या मोठ्या भावाला कुठलीही चिठ्ठी येवो, शेवटी दया तोच व्हायचा. एकदा धाकट्या मामेभावाला खानसाम्याची चिठ्ठी आली होती. चौकशी रंगेना, तेव्हा दादाने त्याला कानाखाली दिली. ती जरा जोरातच बसली. प्रेताने एक डोळा उघडून पाहिलं. मामेभावाचे डोळे भरले होते, पण त्याने हुंदका गिळला आणि म्हणाला, “हो, मीच मारलं!” आणि मग सगळी हकिगत सांगितली. मालक पगार देत नव्हता, सुरी स्वयंपाकघरातली, लपवली तांदळाच्या डब्यात. आम्ही खूष. दादाने फाशी सुनावली, मामीने आंब्यांसाठी हाक मारली, खेळ संपला. चिठ्ठ्या गोळा करताना खुन्याची चिठ्ठी ताईच्या मुठीत निघाली. ती म्हणाली, “तो म्हणतोय ना मीच मारलं, मग?”

कायद्याला हे चालत नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्येच होतं. इंग्रजांना स्वतःच्या पोलिसांची सवय चांगलीच ठाऊक असणार. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ही तरतूद कलम 23 म्हणून कायम आहे. म्हणजे त्या 1547 भागांतल्या गालिच्यावरच्या कबुल्या कोर्टात तशाच नेल्या असत्या, तर एकही टिकली नसती. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले ते डिसेंबर 1996 मध्ये. अटकेचा मेमो करा, नातेवाइकांना कळवा, कोठडीतल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करा. कोठडीत माणसं मरत होती म्हणून हे सांगावं लागलं. त्यानंतर तेरा महिन्यांनी आमच्या दिवाणखान्यात पहिला भाग लागला. त्या थप्पडेला आम्ही टाळ्या वाजवायचो. आजीसुद्धा.

डिसेंबर 2024 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. मी अजून पाहिलेली नाही. मामेभाऊ पाहतो. त्याला फोनवर विचारलं, तुला तो खानसामा आठवतो का रे? “न आठवायला काय झालं!” तो म्हणाला. “पण सुरी तांदळाच्या डब्यात, हे कसं जमलं होतं मला? आयत्या वेळी सुचलेलं हं.”