बाहुली माझ्या वाट्याला आली

६ जानेवारी, बार्रा दे नाविदाद, मेक्सिको

आज बाहुली माझ्या तुकड्यात निघाली. बोटाच्या पेराएवढी, पांढरी, प्लॅस्टिकची.

बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला इथे रोस्का कापतात. कड्यासारखा गोल गोड पाव, वर साखरेत मुरवलेल्या फळांच्या पट्ट्या, आणि आत कुठेतरी दडवलेली बाळ येशूची बाहुली. हेरोद राजाच्या शिपायांपासून बाळाला लपवलं होतं, त्याची आठवण. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने २ फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमालेस, म्हणजे मक्याच्या सालात गुंडाळून उकडलेले सारणाचे उंडे, खाऊ घालायचे असा रिवाज. मागच्या अंगणात आम्ही तेरा माणसं होतो. माझ्या दाताखाली कडक काही आलं, मी ते तळहातावर काढून धरलं आणि पोरांनी एकच गलका केला.

घरमालकीणबाई पटकन म्हणाल्या, "राहू द्या वेसिना, तुम्ही पाहुण्या. तुम्हाला माफ." वेसिना म्हणजे शेजारीण. कॅनडातली थंडी चुकवायला आम्ही इथे येऊ लागलो त्याला तीन हिवाळे झाले, आणि त्या मला याच नावाने हाक मारतात. आज शेजारीण आणि पाहुणी दोन्ही एका दमात आलं आणि दुसरं मला बोचलं. मी म्हटलं, "माफ नको. तमालेस मी करणार."

बाहुली गणपतीशेजारी ठेवली आहे. सत्तावीस दिवस हातात आहेत.

११ जानेवारी

इथे सूर्य बुडायच्या सुमाराला वसईत सकाळचे सहा वाजतात. भावाला फोन करायची हीच वेळ. तो चहा टाकत असतो, मी ओसरीवर बसलेली असते, आणि दोन्हीकडे कोंबडे आरवतात. इथले कोंबडे वेळ पाळत नाहीत.

आज त्याने पुन्हा तेच विचारलं. "तिथे माड, इथे माड. तिथे समुद्र, इथे समुद्र. मग हिवाळ्यात इकडे का येत नाहीस?"

नकाशावर पाहिलं तर त्याचं खरंच आहे. बार्रा आणि वसई, दोन्ही १९ अंश उत्तर अक्षांशावर. दोन्ही पश्चिम किनाऱ्यावर, सूर्य दोन्हीकडे पाण्यातच बुडतो. जानेवारीतलं ऊन दोन्हीकडे सारख्याच कोनातून अंगावर येतं. पहिल्या वर्षी बसमधून उतरले तेव्हा माझ्या पायांना आधी कळलं, डोळ्यांना नंतर.

लोकांना सांगायची कारणं माझ्याकडे तयार आहेत. ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, टोरोंटो ते मुंबई एवढा प्रवास आता डॉक्टर नको म्हणतात. टोरोंटोहून विमानाने पुएर्तो वायार्ता पाचेक तासांत येतं, तिथून दोनशे नंबरच्या महामार्गाने बस. लेकीला मिसिसागात काही लागलं तर एका दिवसात परत पोचता येतं. ऑन्टारियोचं हेल्थ कार्ड टिकवायला वर्षातले किमान १५३ दिवस तिथे राहावं लागतं, आणि मेक्सिको पाहुण्याला जास्तीत जास्त १८० दिवस देतं. आमचे चार महिने दोन्हीत बसतात.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. वसई तालुक्यातल्या आगाशीची आमची वाडी विकली गेली. जिथे विहीर होती तिथे आता इमारतीचा जिना आहे, आणि चौथ्या मजल्यावर भाऊ राहतो. त्या घरात त्याने मला कधी परकं केलं नाही. पण आईच्या शेवटच्या आजारपणात मी वेळेवर पोचले नाही. तिकीट काढलं होतं, रजाही मिळाली होती, आणि निघायच्या आदल्या रात्री फोन आला. ज्या वहिनीने तिचं सगळं केलं, तिच्यासमोर मी चार महिने समुद्राकडे बघत कशी बसणार? वसईत माझी प्रत्येकाशी उधारी आहे. कुणाच्या लग्नाला आले नाही, कुणाच्या दिवसांना आले नाही. तिथे मला आराम करता येत नाही.

इथे मी कुणाचं काही देणं लागत नाही. भाडं दिलं, गॅसवाल्याला पैसे दिले, वीस लिटरचा पाण्याचा गारराफॉन दारात आला त्याचे दिले, की हिशेब मिटला. इथे हिवाळा काढणाऱ्या आम्हा सगळ्यांना, मॅनिटोबाच्या त्या निवृत्त मास्तरांना, अल्बर्टाच्या दोघी बहिणींना, मनातून हेच आवडत असावं. निदान मला आवडत होतं.

१४ जानेवारी

तीळ मिळाले. त्याला इथे आहोन्होली म्हणतात. गूळ म्हणून पिलोन्सियो, उसाचाच, शंकूच्या आकाराचा आणि दगडासारखा कडक. वड्या बऱ्या झाल्या. घरमालकीणबाईंनी चव घेतली आणि घरातून राजगिऱ्याची वडी आणून माझ्या हातावर ठेवली. इथे तिचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. उपवासाचा आपला राजगिरा याच देशातून आलेला. "तीळगूळ घ्या, गोड गोड बोला" याचं स्पॅनिश मला जमलं नाही, म्हणून मराठीतच म्हटलं. त्यांनी हसून मान डोलावली.

१७ जानेवारी

मलेकॉनवर, म्हणजे समुद्राकाठच्या फरसबंद वाटेवर, आज तुबावाला आला होता. खांद्यावर मोठा भोपळा, त्यात माडाच्या पोयीतून काढलेला ताजा रस. पेल्यात ओततो आणि वर शेंगदाणे टाकतो. पहिला घोट घेतला आणि मी आगाशीच्या बांधावर जाऊन उभी राहिले. ही नीरा! उन्हं चढल्यावर हिचीच माडी होते. आमच्याकडे भंडारी पहाटे माडावर चढायचे आणि आम्हा पोरांना उतरल्या उतरल्या पेलाभर मिळायची.

हे काही योगायोगाने घडलेलं नाही. याच बार्राच्या खाडीत जहाजं बांधून मिगेल लोपेस दे लेगास्पी हा स्पॅनिश सेनापती २१ नोव्हेंबर १५६४ रोजी फिलिपिन्सकडे निघाला. पुढच्या वर्षी आंद्रेस दे उर्दानेता या साधूने उत्तरेकडच्या वाऱ्यांवरून परतीची वाट शोधली, आणि मग मनिला ते आकापुल्को अशी गलबतं अडीचशे वर्षं ये-जा करत राहिली. त्या गलबतांवरचे फिलिपिनो खलाशी या किनाऱ्यावर, शेजारच्या कोलिमा राज्याच्या बाजूला, उतरून राहिले. माडाचा रस काढायची विद्या त्यांनीच इथे आणली. तुबा हा शब्दही त्यांचाच.

हे भावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "इथे आता माडी काढणारा माणूस शोधावा लागतो."

२३ जानेवारी

काल रात्री एक वाडगा परत द्यायला मागच्या अंगणात गेले. एरवी मी तिकडे रात्री जात नाही. मागे पत्र्याची एक खोली आहे. जाळी, दोर, होडीचं इंजिन ठेवायची असेल, असं मी धरून चालले होते. दार उघडं होतं. आत घरमालकीणबाई, त्यांची सून आणि दोन नातवंडं, चार खाटांवर. एका कोपऱ्यात जाळी होतीच.

म्हणजे आम्ही ज्या फरशीच्या खोल्यांत राहतो त्या त्यांच्या आहेत. भाड्यासाठी ठेवलेल्या जादा खोल्या नव्हेत. त्यांच्या स्वतःच्या राहत्या. नोव्हेंबरअखेर त्या मागे जातात आणि मार्चअखेर पुढे येतात. आमच्या झोपायच्या खोलीत एक कुलूपबंद कपाट आहे, त्यात काय असेल असा विचार मी तीन हिवाळे अधूनमधून केला होता. त्यात त्यांचे कपडे आहेत.

रात्रभर झोप नाही. कारण हे घर मला माहीत आहे. आगाशीला मे महिन्यात मुंबईची कुटुंबं हवापालटाला यायची. आई पुढची खोली आणि पडवी त्यांना द्यायची आणि आम्ही चौघं भावंडं मागे, सोललेल्या नारळांच्या ढिगाशेजारी झोपायचो. त्या पैशांतून जूनची फी भरली जायची. आम्हा पोरांना मजा वाटायची. पण आई तो महिनाभर स्वतःच्या घरात दबक्या आवाजात बोलायची, भांडं खाली ठेवताना आवाज होऊ नये म्हणून जपायची. मी मागच्या पडवीतली मुलगी होते, आणि आता पुढच्या खोलीतली बाई झाले आहे.

ह्यांना सकाळी सांगितलं. हे म्हणाले, "आपण दुसरीकडे गेलो तर त्यांचं वर्षाचं उत्पन्न जाईल." तेही खरं आहे. मेक्सिकोत समुद्रापासून पन्नास किलोमीटरपर्यंत परदेशी माणसाला जमीन थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही, बँकेच्या विश्वस्त करारातूनच घ्यावी लागते. पण गावाचं भाडं वाढायला जमीन विकत घ्यावी लागतेच असं नाही. आमच्यासारखे हिवाळ्यापुरते भाडेकरू पुरेसे आहेत. त्यांचा थोरला मुलगा सिउआत्लानला राहतो आणि रोज सकाळी बसने कामाला इथे येतो, कारण इथली खोली त्याला परवडत नाही. आमच्यामुळे या घरात पैसा येतो आणि आमच्यामुळेच त्यांच्या मुलाला गाव सोडावं लागलं. यातली एक बाजू धरून दुसरी सोडून द्यायची वाट मला सापडलेली नाही.

देणं लागत नाही, असं मी बारा दिवसांपूर्वी लिहिलं होतं.

२ फेब्रुवारी, रात्री उशिरा

सकाळी आठला दारावर टकटक. घरमालकीणबाई, केस विंचरून, चांगला झगा घालून. बाळ येशूच्या मूर्तीला आज नवे कपडे घालून चर्चमध्ये न्यायचं असतं. भरतकाम केलेलं कापड त्या कपाटात होतं. "परमिसो," म्हणाल्या, आत येऊ का? स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून. मी बाजूला झाले, आणि कापड घेऊन त्या निघाल्या तेव्हा आमच्या दाराची दुसरी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी नको म्हटलं. मी त्यांची मूठ मिटली.

मक्याचं पीठ काल चक्कीवरून आणलं होतं. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला मका, ओला आणि गार. त्यात डुकराची चरबी फेटतात. मी ती खात नाही, म्हणून सुनेने माझ्यासाठी थोडं पीठ लोणी घालून वेगळं फेटलं. पीठ झालं की नाही हे बघायला चिमूटभर पाण्यात सोडायचं, तरंगलं की झालं. मक्याची सालं भिजत घातलेली होती. आत मिरचीच्या पट्ट्या आणि चीज, काहींत कोंबडी. साठ तमालेस भरता भरता दुपार झाली. मोठ्या पातेल्यात तळाला पाणी आणि पाण्यात एक नाणं. पाणी उकळत असेपर्यंत नाणं खुळखुळतं, आवाज थांबला की पाणी संपलं. मोदकपात्राशी मी इतकी वर्षं काढली, ही युक्ती आज शिकले.

माझ्या पातोळ्याही केल्या. तांदळाचं पीठ, नारळ, पिलोन्सियो, मिसिसागाहून आणलेली वेलची. हळदीची पानं इथे कुठली? केळीची घेतली. पान फाटू नये म्हणून मी ते विस्तवावरून फिरवत होते. घरमालकीणबाई बघत होत्या. "आम्हीही असंच करतो," म्हणाल्या.

पानं मांडली ती पुढच्या ओसरीवर. त्यांच्या ओसरीवर. मी सगळ्यांना बसवलं आणि त्यांनाही. त्या दोनदा उठल्या, एकदा मिठासाठी, एकदा उगाच. तिसऱ्यांदा उठायला लागल्या तेव्हा सून ओरडली, "ममा, बसा ना." मग बसल्या. मी वाढलं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण "प्रोवेचो" म्हणत होता, सावकाश होऊ द्या म्हणावं तसं.

आमच्याकडे त्या काळात आलेल्या पाहुण्यांपैकी दादरच्या एक बाई होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला हाताला धरून पाटावर बसवलं आणि स्वतः रांधून वाढलं. आईला कुणी वाढताना मी तेवढं एकदाच पाहिलं. आई जेवताना रडली होती, आणि मला तेव्हा वाटलं होतं की भाजी तिखट झाली असेल.

५ फेब्रुवारी

घरमालकीणबाईंचं माहेर कोलिमाचं. आज त्यांनी ओसरीवरच्या कोनाड्यात मेणबत्ती लावली. मी विचारलं, कुणाची? सान फेलिपे दे हेसूस, कोलिमाचे रक्षणकर्ते, मेक्सिकोचे पहिले संत. लहानपणी इतके खट्याळ की दाई म्हणायची, अंगणातलं वाळलेलं अंजिराचं झाड पालवेल तेव्हाच हा संत होईल. त्यांना दूर देशात क्रुसावर चढवलं त्या दिवशी झाड पालवलं, अशी कथा.

कुठे चढवलं? नागासाकीला. कधी? १५९७ साली.

माझ्या अंगावर काटा आला. शाळेत सिस्टरांनी आम्हाला हीच तारीख शिकवली होती. ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकी, सव्वीस जण. त्यांत एक वसईचा होता. गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, जपानी उत्तम बोलणारा, म्हणून तिथे दुभाषा झालेला. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, माझ्या मैत्रिणी तिथे शिकल्या. फेलिपे मनिलाहून मेक्सिकोला घरी परतत होते, वादळाने त्यांचं गलबत जपानच्या किनाऱ्यावर नेऊन आदळलं. दोघांना १८६२ साली एकत्रच संत म्हणून जाहीर केलं गेलं.

मी हिंदू घरातली, पण वसईच्या माणसाला ते नाव परकं नाही. मला सापडतील त्या शब्दांत मी सांगितलं. त्याच दिवशी, त्याच टेकडीवर, माझ्या गावचा एक जण. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. तुमच्या गावचा? भारतातला? हो, समुद्राकाठच्या माझ्या गावचा.

"नाव काय म्हणालात?"

"गोन्सालो."

त्यांनी ते नाव त्यांच्या उच्चाराने एकदा म्हणून पाहिलं. मग आतल्या बाजूला वळून नातवाला हाक मारली, "आणखी एक मेणबत्ती आण रे."